वाचकांचे प्रश्न : तळ्यातला मासा आणि शेतातले औषध

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. नदीत, तलावात किंवा खाडीत पकडलेल्या माशांत कीटकनाशकांचा अंश उतरतो का, आणि उतरत असल्यास तो मासा खावा की नाही, असे वाचक विचारत आहेत. त्यांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहे. काही वाचकांनी फॉर्मालिनबद्दल विचारले आहे. २०१८ साली गोव्यात ज्यावरून गदारोळ झाला ते फॉर्मालिन पकडलेला मासा टिकावा म्हणून लावले जाते, असा आक्षेप होता. त्याचा शेतातल्या फवारणीशी संबंध नसल्यामुळे ती पत्रे तूर्त बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला लागून मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला धानाच्या बांध्या आहेत. भाद्रपदात तुडतुडे आणि खोडकिडा यांवर फवारणी झाली, दुसऱ्याच दिवशी मोठा पाऊस आला आणि सकाळी तलावात मासे उलटे तरंगताना दिसले. काही लोकांनी ते गोळा करून नेले. तलावावर ढिवर बांधवांची सोसायटी आहे. ती होळीच्या सुमारास पाणी ओसरल्यावर जाळे टाकते. तेव्हाचा मासा खाण्यालायक असेल काय? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. त्या दिवशी मेलेला मासा हा एक प्रश्न आणि होळीला जाळ्यात येणारा मासा हा दुसरा. दोहोंची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

आज शेतात वापरली जाणारी बहुतेक औषधे माशाला मारतात, पण त्याच्या अंगात फार काळ टिकत नाहीत. वर्षानुवर्षे चरबीत साचत जाणारी औषधे सहसा माशाला मारत नाहीत, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाहीत. एंड्रिन, एन्डोसल्फान यांसारखी काही जुनी औषधे दोन्ही अंगांनी वाईट होती, परंतु सर्वसाधारणपणे ही विभागणी ध्यानात ठेवली तर निम्मा गोंधळ दूर होतो. सायपरमेथ्रिनचे उदाहरण घ्या. एका लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या एक-दोन हजारांश भागाइतके ते मिसळले तरी अनेक जातींचे मासे मरतात. आपले यकृत हे औषध लवकर फोडून बाहेर टाकते. माशाला ते तितक्या वेगाने जमत नाही आणि कल्ल्यांतून ते थेट रक्तात शिरते. क्लोरपायरिफॉससारखी औषधे मज्जासंस्थेतले एक आवश्यक विकर बंद पाडतात, म्हणून असा मासा मरण्यापूर्वी वेडावाकडा, गिरक्या घेत पोहतो.

अर्थात प्रत्येक मत्स्यमरणामागे औषधच असते असे नाही. ढगाळ, कोंदट हवामानानंतर पहाटे पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे पृष्ठभागावर तोंड काढून हापापतात आणि मोठे मासे आधी दगावतात. औषधाने मात्र बोटभर पिल्ले, झिंगे आणि पाण्यातले किडेसुद्धा मरतात, आणि त्याला पहाटेची वेळ लागत नाही. झिंगे आणि पाणकिडे मेलेले दिसले तर संशय औषधावर घ्यावा.

असा मेलेला मासा खाऊ नये, कोंबड्या-कुत्र्यांना घालू नये. तलावापासून दूर खोल खड्ड्यात पुरावा. तपासणी करून घ्यायची असेल तर पाण्याचा नमुना त्याच सकाळी स्वच्छ काचेच्या बाटलीत आणि मासा बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाकडे द्यावा, कारण उन्हात आणि गढूळ पाण्यात ही औषधे झपाट्याने विघटित होतात. चार दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात काही सापडले नाही, याचा अर्थ काही झालेच नव्हते असा होत नाही.

होळीला येणाऱ्या माशाची मात्र फारशी चिंता नको. भाद्रपद ते फाल्गुन हा सहा महिन्यांचा अवधी अशा औषधांच्या दृष्टीने पुष्कळ आहे. वाचलेला, धडधाकट कटला किंवा रोहू तोवर स्वच्छ पाण्यात बहुतेक अंश बाहेर टाकून मोकळा झालेला असतो. फवारणीनंतर निदान आठवडाभर बांधीचे तोंड बंद ठेवून पाणी आतच अडवावे, मोठ्या पावसाचा रंग दिसत असेल तर फवारणी पुढे ढकलावी, आणि पंप तलावावर धुऊ नये. हे शेवटचे मी आवर्जून लिहिते, कारण मी ते पाहिले आहे. एका तलावाच्या पायऱ्यांवर पंप विसळला जात होता आणि दुधाचा पेला उपडा व्हावा तसा पांढरा ढग पाण्यात पसरत चालला होता. तेलात विरघळवलेले औषध पाण्यात पडले की असेच दुधाळ होते. पावसाने शेतातून वाहून येणारे औषध वाटेत पुष्कळ विरळ होते; पंपाच्या तळाशी उरलेले मात्र आहे तसेच तलावात उतरते. त्याच पायऱ्यांवर दोन हातांच्या अंतरावर एक मुलगा गळ टाकून बसलेला होता.

प्रश्न : डीडीटीवर बंदी येऊन इतकी वर्षे झाली असे आपण ऐकतो, मग माशांत डीडीटी सापडल्याच्या बातम्या अजून का येतात? बंदी कागदावरच आहे काय? (एक वाचक भगिनी, पनवेल)

उत्तर : बंदी खरी आहे, पण ती आपण समजतो तितकी सरसकट नव्हती. भारतात १९८९ साली डीडीटीचा शेतीतला वापर थांबवण्यात आला. हिवताप आणि काळा आजार यांच्या नियंत्रणासाठी घरांच्या भिंतींवर फवारण्याची मुभा मात्र राहिली. ज्येष्ठ वाचकांना मलेरिया खात्याची माणसे, भिंतींवर उमटणारे पांढुरके डाग आणि फवारणीनंतर दारावर लिहिलेली तारीख आठवत असेल. डीडीटी बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात, रसायनीला होता.

तरीही आज माशांत आढळणारा अंश बव्हंशी जुना असतो. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते गाळाला चिकटते आणि चरबीत विरघळते. गाळातून ते किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि तिथून मोठ्या माशांत जाते. मातीत आणि शरीरात त्याचे हळूहळू डीडीई नावाचे रूप होते आणि ते आणखी चिवट असते. म्हणून प्रयोगशाळेत दोहोंचे प्रमाण पाहतात. डीडीई जास्त असेल तर तो जुना वारसा समजावा. मूळ डीडीटी जास्त असेल तर कुठेतरी नव्याने वापर होत असल्याचा संशय घ्यावा.

साखळीत प्रमाण किती वाढते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील क्लिअर लेक या सरोवराचे आहे. तेथे चिलटांसारख्या, न चावणाऱ्या पण त्रासदायक कीटकांचा बंदोबस्त करण्यासाठी डीडीटीचे सख्खे भावंड असलेले डीडीडी १९४९, १९५४ आणि १९५७ साली पाण्यात सोडण्यात आले. प्रमाण इतके विरळ होते की माशांना धोका नाही असे मानले गेले, आणि मासे खरोखरच मेले नाहीत. मेले ते मासे खाणारे ग्रीब पक्षी, म्हणजे आपल्या टिबुकलीच्या कुळातले. दहा लाख भागांचा हिशेब केला तर पाण्यात डीडीडीचे ०.०२ भाग होते, प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, ५ भाग आढळले आणि मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत १६०० भाग. म्हणजे पाण्यापासून पक्ष्यापर्यंत ऐंशी हजार पट. एका मांसाहारी माशाच्या चरबीत तर २५०० भागांपर्यंत प्रमाण गेले होते, आणि तो मासा पोहत होता. सरोवरावर पूर्वी घरटी करणाऱ्या सुमारे हजार जोड्यांपैकी तीसेक उरल्या.

आपल्या ताटाचा विचार करताना यातून कामाचा निष्कर्ष असा निघतो की, मासा जितका चरबीदार, जितका वयाने मोठा आणि जितका इतर मासे खाणारा, तितका त्यात जुना अंश साचण्याची शक्यता जास्त. गाळात वाढणारी, दीर्घायुषी वाम या दृष्टीने संशयास्पद ठरते; बोंबलात चरबी कमी आणि पाणीच फार, त्यामुळे त्याच्याकडून धोका कमी. मोकळ्या समुद्रातल्या माशापेक्षा औद्योगिक वसाहतीला किंवा दाट शेतीला लागून असलेल्या बंदिस्त पाण्यातल्या माशाबाबत जास्त सावध राहावे.

२०११ च्या भारतीय अन्नसुरक्षा नियमांत मांस, कोंबडी आणि मासे यांसाठी डीडीटी व त्याची रूपे मिळून किलोमागे ७ मिलिग्रॅम अशी मर्यादा दिलेली होती. अमेरिकेत माशांसाठी ती ५ मिलिग्रॅम आहे. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात हे लक्षात घेतले तर हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण मर्यादेच्या आत असणे म्हणजे माल बाजारातून उचलण्याची वेळ आलेली नाही, एवढेच. रोज किती खावे हे तो आकडा सांगत नाही, आणि माझ्या मते दोन्ही मर्यादा सैलच आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली डीडीटीला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकले आहे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात नदीचे डोह उरतात, आणि रात्री कोणीतरी त्यांत शेतीचे औषध ओतून सकाळी टोपल्या भरून मासे नेते. ते गावात स्वस्तात विकले जातात. हटकले तर ‘आमचे आजे-पणजे पण विष घालूनच मासे धरायचे’ असे ऐकवतात. यात तथ्य किती? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आजे-पणजे घालायचे हे खरे आहे, पण ते जे घालायचे ते निराळे होते. गेळाची फळे कुटून ती वहाळात टाकण्याची रीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना होती. गेळफळात साबणासारखा फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती माशाच्या कल्ल्यांना इजा करून त्याला गुदमरवतात, परंतु माणसाच्या आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत, आणि वाहत्या पाण्यात त्यांचा जोर लवकर ओसरतो. ती पद्धतही निर्दोष नव्हती, कारण तिने पिल्ले आणि मोठे मासे असा भेद केला नाही. पण तो मासा खाणारा माणूस आजारी पडत नसे.

बाटलीतल्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात मी म्हटले की आजची औषधे माशाच्या अंगात टिकत नाहीत. पण टिकत नाहीत म्हणजे काही दिवसांनी राहत नाहीत. डोहात औषध ओतून तासाभरात उचललेल्या माशाच्या कल्ल्यांत, कातडीवर आणि पोटात ते ताजेच असते, आणि ओतणाऱ्याने मोजमाप केलेले नसते. असा मासा खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, लाळ सुटणे, घाम फुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना कीटकनाशकाचा संशय स्पष्ट शब्दांत सांगावा. शिवाय त्याच डोहावर गुरे येतात, बायका पाणी भरतात. मासे खाणाऱ्याने निदान स्वतःच्या इच्छेने खाल्लेले असतात.

१८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने मासे पकडण्यासाठी किंवा मारण्यासाठी पाण्यात विष घालणे गुन्हा ठरवले आहे. मूळ कायद्यात शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड अशी आहे. २०० रुपयांत आज ज्या औषधाने डोह मारला त्याची बाटलीसुद्धा येणार नाही. तरीही पोलीस पाटलाकडे आणि ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी, कारण तक्रार नसली तर एवढाही कायदा हलत नाही. विकत घेणाऱ्याने एक पाहावे. एकाच टोपलीत बोटभर पिल्लांपासून मोठ्या माशांपर्यंत, सगळ्या जातींचा आणि आकारांचा माल एकत्र असेल, तर तो जाळ्याचा नव्हे. जाळ्याला आस, म्हणजे ठरावीक आकाराची भोके, असते; ती लहान मासा सोडून देते.

प्रश्न : मी गेली काही वर्षे अमेरिकेत रिचमंड येथे राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जेम्स नदीवर गळ टाकतो. इथले म्हातारे मासेमार सांगतात की एकेकाळी एका कीटकनाशकामुळे ही नदीच बंद केली होती. हे खरे आहे काय, आणि मासे घरी आणावेत काय? (एक वाचक, व्हर्जिनिया)

उत्तर : अगदी खरे आहे. त्या औषधाचे नाव केपोन, शास्त्रीय नाव क्लोरडेकोन. मुंग्या-झुरळांच्या आमिषात आणि केळीच्या सोंडकिड्यावर ते वापरले जाई. रिचमंडच्या खाली होपवेल या गावी त्याचे उत्पादन होत असे. १९७५ साली तेथील कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथरू लागले, नजर ठरेना. एका डॉक्टरांनी रक्ताचा नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवला आणि प्रकरण उघडकीस आले. कारखाना बंद झाला, पण तोवर केपोन नदीत जाऊन गाळात बसले होते. त्याच वर्षी डिसेंबरात गव्हर्नर मिल्स गॉडविन यांनी रिचमंडपासून चेसापीक उपसागरापर्यंत नदीतली मासेमारी बंद केली. ती बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९८८ साली संपली. म्हणजे कारखाना जेमतेम सोळा महिने चालला आणि त्यापायी मासेमारांची १३ वर्षे गेली.

माशांसाठी तेव्हा दहा लाखांत ०.३ भाग ही मर्यादा ठरवण्यात आली होती. ती हळूहळू पाळली जाऊ लागली याचे कारण केपोन विघटित झाले हे नव्हे. नदीने दरवर्षी आणलेल्या नव्या गाळाखाली ते गाडले गेले. हेच क्लोरडेकोन कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप आणि मार्तिनिक या फ्रेंच बेटांवर १९७२ ते १९९३ पर्यंत केळीच्या बागांत वापरले गेले. तेथे ते एका गावापुरते न राहता डोंगरउतारांवरच्या मातीत मुरले, पावसाबरोबर किनाऱ्यावर येत राहिले, आणि किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्यांत मासेमारी आजही मना आहे.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर जेम्स नदीतल्या माशांबाबत राज्याच्या आरोग्य विभागाची सूचनापत्रके निघतात आणि त्यांत नदीचा कोणता भाग, कोणती जात, महिन्यातून किती वेळा, हे स्पष्ट दिलेले असते. आता त्यांतला रोख केपोनपेक्षा पीसीबी या औद्योगिक रसायनावर आहे, पण मोठे, तळाशी राहणारे कॅटफिश टाळावेत हा सल्ला दोहोंनाही लागू पडतो. आपल्याकडे एखाद्या नदीसाठी असे जातवार पत्रक मराठीत निघालेले माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : सुकटीवर आणि सुक्या बोंबलावर माश्या बसू नयेत म्हणून औषध मारतात म्हणे? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : काही ठिकाणी मारतात, विशेषतः हवा दमट असताना. मांसमाशी ओल्या माशावर अंडी घालते, कोरड्या खडखडीत माशावर नाही. म्हणजे औषधाची गरज मुळात अर्धवट वाळवण्यातून निर्माण होते. सुक्या माशांवरील किडीसाठी पिरिमिफॉस-मिथाइल या एकाच फॉस्फरसयुक्त औषधाला आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत किलोमागे ८ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवलेली आहे. त्याऐवजी घरातल्या ढेकूण-झुरळांसाठी मिळणारे डायक्लोरव्हॉस वापरले गेल्याच्या तक्रारी बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरून, विशेषतः बांगलादेशातून, वारंवार आलेल्या आहेत. भारतात डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. उघड्यावर मांडलेल्या ओलसर सुक्या मासळीवर एकही माशी फिरकत नसेल तर ती खरेदी करू नये. ओळखीच्या कोळिणीकडून, वलांडीवर (वाळवणाच्या दांडीवर) वाळलेले, वाकवल्यावर मोडणारे बोंबील घ्यावेत आणि घरी एकदा पुन्हा ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे. मासे हळद-मीठ-कोकम लावून धुतले की औषध निघून जाते, असे शेजारी सांगतात. तिला मासे द्यावेत की बंद करावेत? (एक वाचक भगिनी, अलिबाग)

उत्तर : बंद करू नयेत. बाळाच्या मेंदूच्या वाढीला माशातले स्निग्धाम्ल लागते आणि ते इतक्या सहजपणे दुसऱ्या कशातून मिळत नाही. हळद, मीठ आणि कोकम यांनी वास जातो, वरचा चिकटपणा जातो आणि चव येते. पण चरबीत मुरलेला अंश पाण्याने किंवा आंबटाने निघत नाही. तो चरबीबरोबरच काढावा लागतो. म्हणून मोठ्या माशाचे कातडे, पोटाखालची चरबीची पट्टी, पाठीवरचा काळपट भाग आणि आतले सगळे काढून टाकावे. तळला तर ते तेल पुन्हा वापरू नये; भाजला तर ठिबकणारी चरबी खाली जाऊ द्यावी. एवढ्याने चरबीतला अंश पुष्कळ कमी होतो, सगळा जात नाही. कालवण केले तर सुटलेली चरबी रश्श्यातच राहते, हे ध्यानात असू द्यावे.

तिला बांगडा, तारली, बोंबील, मांदेली असे लहान आणि समुद्रातले मासे आलटून-पालटून आठवड्यातून दोन-तीनदा द्यावेत; एकाच तळ्याचा किंवा एकाच खाडीचा मासा रोज देऊ नये. गाभोळी मात्र, जी आपल्याकडे गरोदर बाईसाठी म्हणून आवर्जून बाजूला काढून ठेवतात, ती नदी-तलावातल्या मोठ्या माशाची असेल तर या महिन्यांत टाळलेली बरी, कारण मादी आपल्या अंगातली चरबी आणि तिच्यातले जे काही असेल ते अंड्यांतच भरते. बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याबाबत शंका मनात आणू नये. दुधात सूक्ष्म अंश उतरत असला तरी आईचे दूध बंद करण्याचा सल्ला त्या कारणासाठी कोणी देत नाही.